डेलाँगी डेडिका ईसी ६८५ : क्रेमा खरा किती, दिखाऊ किती

लग्नाच्या मांडवात कोपऱ्यात फुसफुसणारं जे यंत्र असतं, त्याला आपल्याकडे सगळे बिनदिक्कत 'एक्स्प्रेसो' म्हणतात. पेल्यात इन्स्टंट कॉफी, साखर आणि दूध घालायचं, त्यात बॉयलरची वाफ सोडायची, वर कोकोची चिमूट टाकायची. चव छान लागते, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यात एस्प्रेसोचा, म्हणजे दाबाखालच्या गरम पाण्याने काढलेल्या दाट कॉफीचा, थेंबही नसतो. ती वाफवलेल्या दुधाची चव आहे. डेलाँगीचं डेडिका हे घरगुती एस्प्रेसो यंत्र घ्यायच्या आधी हे लक्षात ठेवलेलं बरं. 'घट्ट, सायीसारखी कॉफी' मागणाऱ्या बहुतेकांना खरं तर दुधाचा मऊ फेस हवा असतो, आणि हे यंत्र डब्यातून निघतं तसं वापरलं तर नेमकं तेच काम त्याला धड जमत नाही. थोडी दुरुस्ती केली की जमतं, आणि चांगलं जमतं.

आधी यंत्र. रुंदी जेमतेम १५ सेंटिमीटर, म्हणजे ओट्यावर मिक्सरच्या शेजारी सहज मावतं. पाण्याची टाकी १.१ लिटरची, मागून काढता येणारी. १३०० वॉटचा थर्मोब्लॉक (पाणी तापवणारा ठोकळा), १५ बारचा कंपन पंप, ५१ मिलिमीटरचा पोर्टाफिल्टर (कॉफीची बास्केट धरणारी मूठ). वर तीन बटणं : एक कप, दोन कप, वाफ. बाजूला वाफेची चावी. खोक्यावर '१५ बार' ठळक लिहिलेलं असतं, त्याने भुलू नका. तो पंपाचा जास्तीत जास्त दाब आहे. दाबून बसवलेल्या कॉफी पावडरीच्या चकतीवर साधारण ९ बार मिळाले की एस्प्रेसो होतो, त्याहून जास्त दाबाने चव सुधारत नाही.

सोबत तीन बास्केट, म्हणजे पावडर भरायच्या जाळीच्या वाट्या, येतात : एका कपाची, दोन कपांची आणि कागदी पॉडची (कॉफीच्या तयार पुडीची). तिसरी कपाटात टाका, ते पॉड आपल्याकडे शोधून आणण्यात अर्थ नाही. पहिल्या दोन दुहेरी तळाच्या आहेत. आतून जाळी दिसते, पण बाहेर पडायला सुईच्या टोकाएवढं एकच भोक असतं. दाब तयार होतो तो कॉफीच्या चकतीमुळे नव्हे, या भोकामुळे. म्हणून जाडीभरडी, महिन्यापूर्वी दळलेली पावडर घातली तरी कपात जाड, पिवळसर थर येतो आणि माणूस खूश होतो. पण तो थर म्हणजे बारीक तोटीतून जोरात उडालेल्या पाण्याचा फेस. एकसारखे बुडबुडे, फिकट रंग, चवीत काही नाही.

खरा क्रेमा, म्हणजे एस्प्रेसोवर येणारा फेसाळ थर, वेगळा. कॉफी भाजताना बीमध्ये कार्बन डायऑक्साइड अडकून राहतो. दाबाखाली तो पाण्यात विरघळतो, कपात पडताना दाब सुटला की बारीक बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येतो, आणि कॉफीतली तेलं व इतर द्रव्यं त्या बुडबुड्यांना धरून ठेवतात. १९४८ मध्ये मिलानच्या गॅजिया कंपनीने दांडी ओढून दाब देणारं यंत्र बाजारात आणलं. तोवरच्या वाफेवर चालणाऱ्या यंत्रांत एवढा दाबच नव्हता, त्यामुळे हा थरही नव्हता. खऱ्या क्रेमाचा रंग तांबूस असतो, कधी वाघाच्या पाठीसारखे पट्टे दिसतात, आणि कप कलता केला की तो मधासारखा हळू सरकतो. नुसता चाखला तर कडू लागतो, म्हणून प्यायच्या आधी चमच्याने एकदा ढवळायचा.

तेव्हा पहिली खरेदी : ५१ मिलिमीटरची एकेरी तळाची, म्हणजे नुसत्या जाळीची, बास्केट. ती डेडिकाच्या मूळ पोर्टाफिल्टरमध्ये नीट बसत नाही, म्हणून ती ज्यासोबत येते तो उघड्या तळाचा पोर्टाफिल्टरच घ्यावा. मागवताना 'तीन कानांचा' हे नीट पाहून घ्या (कान म्हणजे कडेला बाहेर आलेले, यंत्रात अडकणारे तुकडे). दोन कानांचाही मिळतो, तो या यंत्रात अडकत नाही. दुसरी खरेदी : ५१ मिलिमीटरचा स्टीलचा टँपर, म्हणजे पावडर दाबायचा दट्ट्या. सोबत जो मिळतो तो प्लॅस्टिकचा चमचा आहे, त्याच्या मागच्या टोकाने दाबायचं असतं. ते टोक बास्केटपेक्षा लहान पडतं, कडेची पावडर सैल राहते आणि पाणी तिथूनच वाट काढतं. तिसरा ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा. तो चपटा आणि लहान घ्या, कारण या सडपातळ यंत्राच्या ट्रेवर मोठा काटा मावत नाही, आणि काट्यावर कप ठेवल्यावर वरची उंचीही कमी उरते.

चौथी खरेदी सर्वांत महाग आणि सर्वांत जरुरीची : ग्राइंडर. एकेरी तळाची बास्केट घेऊन दुकानातून दळून आणलेली पावडर वापरली तर निराशाच पदरी पडेल. पाणी भसकन निघून जातं. मिक्सरमध्ये दळणं तर नकोच. पातं बी दळत नाही, फोडतं, त्यामुळे त्याच भांड्यात पीठ आणि रवा दोन्ही सापडतात. पिठामुळे कडूपणा येतो, रव्यामुळे आंबटपणा, आणि दोन्ही एकाच घोटात लागतात. हाताने फिरवायचा, स्टीलच्या बरचा (दातेरी चाकांचा) ग्राइंडर पुरतो. फक्त दळणाची जाडी ठरवणाऱ्या त्याच्या खाचा बारीक असाव्यात. दोन खाचांमधलं अंतर मोठं असेल तर एका खाचेवर कॉफी १५ सेकंदांत धावते आणि पुढच्या खाचेवर गच्च अडकते, मधलं काही मिळतच नाही. ग्राइंडरसाठी पैसे उरणार नसतील तर दुहेरी तळाचीच बास्केट वापरा आणि ताजी, एस्प्रेसोसाठी दळून दिलेली पावडर थोडी थोडी आणा. त्यात कमीपणा नाही. एकेरी तळाची बास्केट आणि शिळी पावडर ही जोडी मात्र टाळा.

बिया कोणत्या? दुधातल्या कॉफीसाठी मध्यम ते गडद भाजलेल्या. भाजल्याची तारीख पाकिटावर असली पाहिजे. भाजल्यापासून साधारण आठवड्याने उघडा आणि महिन्याच्या आत संपवा. दोन दिवसांपूर्वी भाजलेल्या बियांत वायू इतका असतो की कपात साबणासारखा फुगीर फेस येतो आणि मिनिटात बसतो. तीन महिन्यांच्या बियांतून थर येतच नाही. दाट क्रेमा हवा असेल तर मिश्रणात १० ते २० टक्के चांगला रोबस्टा (कॉफीची कडक चवीची जात, दुसरी अरेबिका) असलेला बरा. इटली हा भारतीय कॉफीचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक आहे आणि तिथल्या कित्येक मिश्रणांत आपला रोबस्टा त्या थरासाठीच पडतो. आपण मात्र 'शंभर टक्के अरेबिका' वाचून खूश होतो. मान्सून मलबारही पाहण्यासारखा आहे. पावसाळी वाऱ्यात मुरवलेल्या या बिया फुगीर आणि वजनाला हलक्या असतात, त्यांचा आंबटपणा जवळजवळ गेलेला असतो, थर भरपूर येतो. फिल्टर कॉफीची चिकोरीवाली पावडर या यंत्रात अजिबात नको. चिकोरी ओली होऊन चिकट होते आणि बास्केटचं ते एकमेव भोक बुजवून टाकते.

आता कृती. यंत्र चालू केल्यावर अर्ध्या-पाऊण मिनिटात दिवे स्थिर होतात. त्यावर विश्वास ठेवू नका. थर्मोब्लॉक तापलेला असतो, पण पोर्टाफिल्टर आणि त्याच्या वरचं धातूचं तोंड थंडच असतं. रिकामी बास्केट लावून, खाली कप ठेवून, दोन वेळा नुसतं गरम पाणी सोडा. कपही त्यानेच तापतो. आंबट एस्प्रेसोची निम्मी प्रकरणं इथेच मिटतात. मग बास्केट कोरडी पुसा. १४ ग्रॅम बिया मोजून दळा आणि बास्केटमध्ये भरा. बारीक सुईने तळापासून गोल गोल फिरवत गाठी मोडा (बाटलीच्या बुचात तीन-चार बारीक सुया खोचल्या की हे अवजार घरीच तयार होतं). पोर्टाफिल्टर ओट्यावर हलकेच एकदा टेकवा, पावडर सपाट होते. टँपर सरळ ठेवून, खाली जाईनासा होईपर्यंत दाबा. किती किलोचा जोर लावायचा यावर लोक तावातावाने वाद घालतात, पण तिरका दाब पडला नाही म्हणजे झालं.

पोर्टाफिल्टर लावा, काट्यावर कप ठेवून शून्य करा, दोन कपांचं बटण दाबा आणि त्याच क्षणी वेळ मोजायला सुरुवात करा. कपात २८ ते ३० ग्रॅम आले की तेच बटण पुन्हा दाबून थांबवा. यंत्रात मात्रा साठवायची सोय आहे, बटण दाबून धरलं की तेवढं पाणी लक्षात राहतं. पण यंत्र पाणी मोजतं, कपातली कॉफी नव्हे. दळण थोडं बदललं की आकडा चुकतो, म्हणून सुरुवातीचे काही आठवडे काट्यावरच चाला.

१४ ग्रॅम आत, २८ ते ३० बाहेर, २५ ते ३० सेकंद. हे जमलं की पुढचं सोपं. १२ सेकंदांत फिकट धार भसकन आली, चव आंबट आणि पाणचट लागली, तर दळण एक खाच बारीक करा. ४० सेकंद होऊनही काळे थेंबच पडताहेत, जिभेवर राखेसारखं काही उरतंय, तर एक खाच जाड करा. वेळ बरोबर, तरी चव एकाच वेळी आंबट आणि कडू, आणि उघड्या तळातून पिचकारीसारखी बारीक धार बाजूला उडते आहे? मग दोष दळणाचा नाही. चकतीत भेग पडली आहे. गाठी राहिल्या किंवा टँपर तिरका गेला. एका वेळी एकच गोष्ट बदला. दळण, वजन आणि दाब तिन्ही एकदम बदलणाऱ्याला काय चुकलं ते कधी कळत नाही.

बास्केट फार भरली आहे का हे पाहायला एक सोपी युक्ती : दाबलेल्या पावडरीवर एक रुपयाचं नाणं ठेवा, पोर्टाफिल्टर लावा, पुन्हा काढा. नाणं पावडरीत रुतलं असेल तर अर्धा-एक ग्रॅम कमी करा. पावडर फुगायला जागा मिळाली नाही की ती वरच्या जाळीला चिकटते आणि पाणी एका बाजूने घुसतं. दुहेरी तळाच्या बास्केटमधून चकती चिखलासारखी ओली निघते, तो मात्र दोष नाही.

तापमानाच्या तीन पायऱ्या आहेत. यंत्र तापून तयार असताना वाफेचं बटण साधारण १० सेकंद दाबून धरलं की मेनू उघडतो. मग एक कपाच्या बटणाने तापमानात जायचं आणि तीनपैकी एक बटण निवडायचं : पहिलं कमी, दुसरं मध्यम, तिसरं जास्त. गडद भाजलेल्या कॉफीला मध्यम पुरतं, फिकट भाजलेलीला जास्त लागतं. आपोआप बंद होण्याची वेळही याच मेनूतून बदलते आणि ती बदलाच. मूळ वेळ इतकी कमी असते की दळण होईतो यंत्र झोपी जातं.

दुधाकडे वळू, कारण मलईदारपणाचा खरा हिशेब तिथे आहे. फेस धरतात ती प्रथिनं. स्निग्धांश तो फेस जड आणि तोंडात रेशमी करतो. टोन्ड दुधात ३ टक्के स्निग्धांश असतो, त्याचा फेस भरपूर आणि हलका. फुल क्रीममध्ये ६ टक्के, त्याचा फेस कमी पण दाट. कॅपुचिनोला गायीचं ३.५ टक्क्यांचं दूध सर्वांत सोपं जातं. लाटे किंवा फ्लॅट व्हाइट जाडसर हवं असेल तर टोन्ड आणि फुल क्रीम निम्मं निम्मं घ्या. पिशवीतलं दूध पाश्चरीकृत असतं, ते न उकळता थेट फ्रिजमधून वापरा. घरोघरी सवयीने आधी उकळतात, मग साईचे कण नळीच्या तोंडात अडकतात आणि फेस विस्कटतो. सुटं दूध उकळावंच लागतं. ते पूर्ण गार करून, साय काढून, गाळून घ्या. पिशवी फोडून तीन दिवस झालेल्या दुधाचा फेस टिकत नाही. स्निग्धांश फुटून मोकळी झालेली आम्लं बुडबुडे मोडतात. दूध नासलेलं नसतं, चहाला चालतं, फेसाला चालत नाही. ओटचं दूध वापरणाऱ्यांनी 'बरिस्ता' लिहिलेलं घ्यावं, साधं ओटचं दूध गरम कॉफीत फाटल्यासारखं होतं.

ईसी ६८५ची वाफेची नळी पानारेल्लो पद्धतीची आहे. बाहेर एक धातूचं आवरण, त्यात हवा ओढून घेणारी सोय, वर 'गरम दूध' आणि 'कॅपुचिनो' असे दोन पर्याय. 'कॅपुचिनो'वर ठेवलं की ती आपणहून हवा ओढते आणि खूपच ओढते. तयार होतो तो दाढीच्या साबणासारखा ताठ फेस. वर ढीग, खाली पातळ दूध. मांडवातल्या कॉफीसाठी ठीक, पण कॉफीत मिसळून एकजीव होणारा मऊ फेस असा मिळत नाही. उपाय दोन. पर्याय 'गरम दूध'वर ठेवा आणि हवा नळीच्या टोकाने पृष्ठभागाशी खेळून स्वतः द्या. किंवा यंत्र थंड असताना बाहेरचं आवरण ओढून काढा आणि आतल्या बारीक तोंडाने काम करा. हे तोंड आखूड असल्याने अरुंद, उंच जग लागतो. दुसरा उपाय जास्त चांगला, फक्त चार-पाच दिवस सराव लागतो.

३५० मिलीच्या स्टीलच्या जगात १५० मिली गार दूध घ्या. वाफेचं बटण दाबा, दिवा स्थिर झाला की आधी रिकाम्या पेल्यात चावी उघडून सुरुवातीचं पाणी जाऊ द्या. ही पायरी वगळली की तेवढं पाणी दुधात जातं. मग टोक पृष्ठभागाच्या अगदी खाली, जगाच्या मध्यापासून थोडं बाजूला धरा. कागद फाटल्यासारखा 'चर्र चर्र' आवाज यायला हवा. पहिली ८-१० सेकंदं एवढंच. दूध कोमट झालं की टोक थोडं खोल घाला आणि दूध भोवऱ्यासारखं फिरू द्या. हवा आता नको, मोठे बुडबुडे या भोवऱ्यात फुटून जातात. जगाला हात लावून ठेवा. हात ठेववेना म्हणजे दूध ६० अंशांच्या आसपास पोचलं, चावी बंद. ७०च्या पुढे गोडवा जातो आणि उकळलेल्या दुधाचा वास येतो. या यंत्राची वाफ बेताचीच असल्याने एवढ्याला मिनिटभर लागतं. उलट हेच नवशिक्याच्या पथ्यावर पडतं, चूक सुधारायला वेळ मिळतो. शेवटी जग ओट्यावर एकदा आपटा, गोल फिरवा. दूध ओल्या रंगासारखं चकाकायला हवं. नळी लगेच ओल्या फडक्याने पुसा आणि क्षणभर वाफ सोडा. पाच मिनिटांनी पुसू म्हणाल तर दूध चिकटून घट्ट बसतं.

क्रम महत्त्वाचा : आधी कॉफी, मग दूध. वाफेसाठी थर्मोब्लॉक बराच जास्त तापतो, त्यावर लगेच कॉफी काढली तर करपट येते. दिवे लुकलुकत असतील तर तो थंड व्हायची वाट पाहतोय. इथेच डेडिकाची मर्यादा दिसते. एक किंवा दोन कप निवांत होतात. चार पाहुणे आले की प्रत्येक जोडीमागे थांबा, पाणी भरा, पुन्हा तापवा, आणि शेवटच्याचा कप येईतो पहिल्याचा रिकामा. अशा वेळी सगळे एस्प्रेसो आधी काढून घ्या आणि दूध शेवटी एकदाच. पण २०० मिलीच्या वर दूध या वाफेला झेपत नाही, हेही खरं.

प्रमाणं : इटलीतल्या एस्प्रेसो संस्थेच्या मापाने कॅपुचिनोत २५ मिली एस्प्रेसो आणि १०० मिली दुधाचं वाफवून झालेलं १२५ मिली. आपल्याकडच्या कॅफेतल्या बादलीएवढ्या मगापुढे हे इवलंसं वाटेल, पण कॉफीची चव यातच लागते. फ्लॅट व्हाइटला ३० ग्रॅमचा पूर्ण एस्प्रेसो आणि १२० मिली दूध, फेस अर्धा सेंटिमीटर. उन्हाळ्यात शाकेरातो करा : ३० ग्रॅम एस्प्रेसो, एक चमचा साखर, पाच-सहा बर्फाचे खडे, घट्ट झाकणाच्या बरणीत १५ सेकंद जोरात हलवायचं आणि गाळून ओतायचं. दुधाशिवाय दाट फेस येतो. साखर गरम एस्प्रेसोतच विरघळवा, बर्फ नंतर. आणखी एक युक्ती क्युबाच्या पद्धतीची : तीन चमचे साखरेवर एस्प्रेसोचे पहिले काळे थेंब घ्या आणि चमच्याने फिकट होईपर्यंत घोटा, मग उरलेली कॉफी त्यावर ओता. इन्स्टंट पावडर आणि साखर घोटत बसलेल्या कुणालाही हे शिकवावं लागणार नाही. गूळ मात्र गरम दुधात जपून, दूध फाटू शकतं.

देखभालीत पाणी पहिलं. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी घातलं तर थर्मोब्लॉकच्या अरुंद वाटेत क्षार बसतात, वाफ कमी होते, कॉफी कोमट येते. उलट आरओचं अगदी रितं पाणी चव सपाट करतं. १०० ते १५० टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) चांगलं. आरओच्या पाण्यात थोडं साधं गाळलेलं पाणी मिसळून तिथवर येता येतं. नारिंगी दिवा लागला की क्षार काढायची वेळ झाली. कंपनीचं द्रव वापरा, व्हिनेगर नको, त्याचा वास रबरात राहतो. दुहेरी तळाच्या बास्केटचं भोक आठवड्यातून एकदा सुईने मोकळं करा. वरच्या जाळीवरून दररोज ओलं फडकं फिरवा. तिथे साचलेलं जुनं तेल खवट होतं, आणि मग लोक बियांना दोष देतात.

थोडे जास्त पैसे असतील तर याच घराण्यातली डेडिका आर्ते, ईसी ८८५, पाहा. आत तोच ऐवज, पण वाफेची नळी पानारेल्लोशिवायची, म्हणजे आवरण ओढून काढायची खटपट नाही. ज्यांना फक्त दुधाळ, कडक कॉफी हवी आहे आणि वजन-सेकंद मोजायचा कंटाळा आहे, त्यांनी मोका पॉट (गॅसवर ठेवायचं कॉफीचं भांडं) आणि हाताने दाबायचा फ्रेंच प्रेस घ्यावा. प्रेसमध्ये गरम दूध दट्ट्याने २०-२५ वेळा वरखाली केलं की फेस या यंत्राच्या मूळ नळीपेक्षा मऊ होतो. क्रेमा मात्र मिळणार नाही.